खिडकीची जागा झेन्झोची

झेन्झोला पुरून अख्खा हिवाळा उलटला होता, तरी तो अजून घरी पोचला नव्हता.

शरीर पोचलं होतं. ते जोहान्सबर्गहून एका पांढऱ्या गाडीतून, सीमेवरचे सगळे शिक्के मारून, अगदी व्यवस्थित आलं होतं. गाडीचा ड्रायव्हर भला माणूस होता, पण अख्ख्या वाटेत तो झेन्झोशी एक अक्षर बोलला नाही. रेडिओवर फुटबॉल ऐकत आला. कुठं वळलो, कुठली नदी ओलांडली, हे मेलेल्या माणसाला कुणीतरी सांगावं लागतं, नाहीतर त्याला कसं कळणार? त्यामुळे शरीर गाडीबरोबर आलं आणि झेन्झो जिथं मेला तिथंच उभा राहिला. आईला तो स्वप्नात तसाच दिसायचा. रस्त्याच्या कडेला, पेट्रोल पंपापाशी, पायात एकच बूट.

"थंडी वाजत्येय त्याला," आई रोज सकाळी चुलीपाशी सांगायची. "मला विचारतो, आई, गाडी कधी येणार?"

शेवटी त्याला आणायला जायचं ठरलं. आणायला जाणाऱ्यानं घरच्या बोरीची फांदी न्यायची, माणूस जिथं पडला तिथं ती टेकवायची, नाव घेऊन त्याला बोलवायचं आणि फांदी धरून परत यायचं. बोरीला एक काटा सरळ असतो आणि एक आकड्यासारखा वाकडा. मेलेला माणूस त्या वाकड्याला धरून येतो. वाटेत त्याच्याशी बोलत राहायचं. पण फक्त त्याच्याशीच. दुसऱ्या कुणाशी एक शब्द बोलला की तो हात सोडतो आणि तिथंच राहतो.

हे काम धाकट्या भावाचं. धाकटा भाऊ म्हणजे मेहलुली. सिलोंगवे गावात आणि आसपासच्या चार वाड्यांत त्याच्याएवढं बोलणारं माणूस नव्हतं. शाळेत असताना मास्तर त्याला वर्गाबाहेर उभं करायचे, तर तो बाहेरच्या शेळ्यांशी बोलायचा. गावानं नीट विचार करून सगळ्यात बडबड्या माणसाला निवडलं आणि त्याला सांगितलं, बोलू नकोस.

"खुणा चालतील?" त्यानं फानुएल मामाला विचारलं.

"खूण म्हणजे बोलणंच," मामा म्हणाला.

"मान हलवली तर?"

"मान हलवणं म्हणजे कमी बोलणं. पण बोलणंच."

"फोनवर लिहून दाखवलं तर?"

"मेहलुली, तुझा भाऊ थंडीत उभा आहे."

मग तो गप्प बसला. वाटेत लोकांशी बोलायचं काम मामाचं होतं, म्हणून मामा बरोबर निघाला.

आईनं दोघांना फाटकापाशी सांगितलं, "प्रत्येक नदीवर सांगा त्याला. लिम्पोपोवर तर नक्की सांगा, सीमा तीच. ती बाई भेटली तर तिच्याशी बोलू नका."

ती बाई म्हणजे न्याराद्झो. जोहान्सबर्गच्या कडेच्या वस्तीत झेन्झो तिच्याबरोबर राहायचा. ती शोना होती आणि हे घर न्डेबेले, झिम्बाब्वेतले दोन वेगळे लोक. आईच्या घरात शोना भाषा येत नसे. रेडिओवर शोना गाणं लागलं तर आई हातातलं काम टाकून उठायची आणि रेडिओ बंद करायची. आईला ती भाषा येत नव्हती, फक्त एक गाणं येत होतं. ती पंधरा वर्षांची असताना गावात सरकारचे सैनिक आले होते, त्यांची भाषा शोना. त्यांनी तिच्या बापाला त्याच्याच ज्वारीच्या कोठारामागं मारलं, तिथंच पुरलं, आणि मग गावातल्या सगळ्यांना त्या उकरलेल्या मातीवर उभं करून ते गाणं म्हणायला लावलं. शब्द चुकला की मार. आईचा एकही शब्द चुकला नाही. अर्थ तिनं कधी कुणाला विचारला नाही.

अशा घरात झेन्झोनं फोनवरून सांगितलं होतं की मी एका शोना मुलीबरोबर राहतो. आईनं फोन ठेवला होता. त्यानंतर ती त्याच्याशी बोलली, पण मुलीबद्दल कधीच नाही. तो मेला तेव्हा गावात सगळे एवढंच म्हणाले, तिच्यापायी मेला.

जोहान्सबर्गला पेट्रोल पंपाच्या शेजारी, जिथं झेन्झो पडला होता, तिथं मेहलुलीनं फांदी टेकवली. "दादा, मी आलोय. चल, आई वाट बघत्येय." रस्त्यापलीकडे एक बारीकशी बाई निळी चादर पांघरून उभी होती. मामानं तिच्याकडे पाहिलं नाही, आणि न पाहण्यात एवढी मेहनत घेतली की त्याची मान आखडली.

बसच्या तिकिटावरून थोडं झालं. जोहान्सबर्गचा कंडक्टर मेलेल्यांना सरावलेला होता, डिसेंबरात तर जास्तच.

"मेलेल्याला अर्धं तिकीट नाही का?" मामानं विचारलं.

"अर्धं लहान मुलांना. मांडीवर घेणार असाल तर फुकट."

"तो चौतीस वर्षांचा आहे."

"मग पूर्ण."

तीन जणांच्या बाकावर खिडकीला झेन्झो बसला, मधे फांदी धरून मेहलुली, आणि कडेला मामा. ती निळी चादर सगळ्यात मागच्या बाकावर येऊन बसली, हे मेहलुलीनं पाहिलं. मामाला सांगता येत नव्हतं. त्यानं झेन्झोला सांगितलं, "दादा, वहिनी पण आल्यात." मामाला वाटलं, पोरगं थकलंय.

मुसीनाला बस डिझेलसाठी थांबली. सीमेच्या अलीकडचं शेवटचं गाव. मामाला तळलेली कोंबडी हवी होती. "आलोच," म्हणून तो उतरला. इथंच कंडक्टर बदलला. नवा कंडक्टर हडकुळा, गंभीर चेहऱ्याचा, झिम्बाब्वेच्या बाजूचा होता. तो मधून चालत माणसं मोजू लागला आणि मेहलुलीच्या बाकापाशी थांबला.

"ह्या दोन जागांवरचे कुठं आहेत?"

मेहलुली गप्प. मागच्या बाकावर माचुमा मावशी म्हणून एक भरभक्कम बाई होत्या, टपावरच्या स्वतःच्या फ्रिजकडे खिडकीतून मान वाकडी करून लक्ष ठेवून असलेल्या. त्या म्हणाल्या, "त्यांना विचारू नका हो. त्यांच्या शेजारचा माणूस मेलेला आहे."

कंडक्टरनं रिकाम्या बाकाकडे पाहिलं. इकडे एक जागा, तिकडे एक जागा.

"दोघंही?"

मेहलुलीनं फांदी घट्ट धरली. मान हलवणं म्हणजे कमी बोलणं, पण बोलणंच.

कंडक्टरनं टोपी काढली. "दोघंही," तो हळूच म्हणाला, आणि पुढं जाऊन ड्रायव्हरला सांगितलं, "चला, सगळे आहेत. दोन वारलेत."

बस हलली. काचेतून मेहलुलीला मामा दिसला. हातात कागदी पिशवी, बोटं चाटत, आरामात येणारा. मेहलुलीनं तोंड उघडलं आणि जेवढ्या मोठ्यानं ओरडता येईल तेवढ्यानं खिडकीकडे तोंड करून ओरडला, "दादा, मामा राहिला. मामा गेला, दादा. गाडी थांबत नाहीये."

कुणीतरी नाक ओढलं.

"मामा पण गेला बिचाऱ्याचा," माचुमा मावशी शेजारणीला म्हणाल्या. "एकाच वर्षात."

"दादा, मामा धावतोय."

"भास होतात असे," शेजारीण म्हणाली. "माझ्या सासूला झाले होते."

मामा लहान होत गेला आणि धुळीत दिसेनासा झाला.

थोड्या वेळानं मेहलुलीच्या खिशात फोन वाजू लागला. वाजला, थांबला, पुन्हा वाजला. बघणारे हळहळत होते. तेव्हा सगळ्यात मागच्या बाकावरून निळी चादर उठली, पुढं आली, मामाच्या जागेवर बसली आणि तिनं मेहलुलीच्या खिशातून फोन काढून कानाला लावला.

मामाचा आवाज शेजारच्या चार बाकांना ऐकू येत होता. तिनं तो ओरडून संपेपर्यंत ऐकून घेतला. मग ती मोडक्या न्डेबेलेत म्हणाली, "मामा, मी आहे. न्याराद्झो."

मामाला त्या क्षणी जगात एकच माणूस उपलब्ध होतं, आणि ते नेमकं हे होतं.

"तू बोल लोकांशी," मामा शेवटी म्हणाला. "त्याला बोलू देऊ नकोस. पुलावर तो झेन्झोला सांगेल, तेवढं बघ. आणि माझी पिशवी बाकाखाली आहे, तेलाची बाटली उभी ठेव."

डिसेंबर म्हणजे तिकडचा भर उन्हाळा. सीमेवर ऊन असं होतं की लोखंडी कठड्याला हात लावला तर हात तिथंच राहावा. रांग, शिक्का, पुन्हा रांग. न्याराद्झो बोलत होती, मेहलुली फांदी धरून उभा होता. घर सोडल्यापासून तो धड झोपला नव्हता, आणि फांदी धरून जेवायचं कसं हे मामानं सांगितलं नव्हतं. बसमध्ये परत बसला तेव्हा पुलाकडे ट्रकांची रांग लागली होती. गाडी माणसाच्या पावलाएवढी सरकायची आणि थांबायची. पूल आला की सांगायचं, असं तो स्वतःला बजावत होता. पूल आला की, दादा, ही लिम्पोपो, सांभाळून.

जाग आली तेव्हा बाहेर पाट्या झिम्बाब्वेच्या होत्या.

फांदी हातातच होती. एक काटा अंगठ्यात रुतला होता आणि त्यानंही तो जागा झाला नव्हता. झेन्झो पलीकडे राहिला होता. एवढं आणून, पुलाच्या तोंडाशी. आता आईला तो नदीपलीकडे दिसणार, ट्रकांच्या मधे, आणि विचारणार, गाडी कधी येणार.

"मी सांगितलं त्याला," न्याराद्झो म्हणाली.

त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. विचारता येत नव्हतं. मग तो खिडकीकडे वळून म्हणाला, "दादा, कुठल्या भाषेत सांगितलं तुला?"

"शोनात," तिनं समोर बघत उत्तर दिलं. "मला तुमच्या भाषेत पुलाला काय म्हणतात ते माहीत नाही. आम्ही घरी शोनातच बोलायचो. भांडण झालं की मात्र तो न्डेबेलेत जायचा. म्हणायचा, शोनात नीट ओरडता येत नाही."

"दादा, तुला ऐकू आलं का?"

खिडकीच्या जागेवर ऊन पडलं होतं, दुसरं काही नव्हतं.

ती बोलत राहिली. कुणाशी ते सांगणं कठीण होतं, तिघंही एका ओळीत बसले होते. त्या दिवशी लोक काठ्या घेऊन परदेशी माणसं हुडकत आले, म्हणाली, आणि प्रत्येकाला अडवून तिथल्या झुलू भाषेत प्रश्न विचारत होते. बोल, कुठला तू, कुणाचा. झेन्झोला काय अवघड होतं? झुलू आणि न्डेबेले एका आईच्या पोटच्या. त्यानं कुळाचं नाव सांगितलं, आजोबा-पणजोबांची नावं घेतली, त्यांच्यातला एक म्हातारा तर खूश होऊन म्हणाला, ह्याच्यासारखी भाषा आमच्या पोरांना येत नाही. जा बाबा, म्हणाले. मग विचारलं, ही कोण. बायको, तो म्हणाला. तिला बोलू दे, म्हणाले.

"मला तीन वाक्यं येत होती. ती मी बोलले."

बस एका खड्ड्यातून गेली. टपावर फ्रिज आपटला.

"ते त्याला म्हणाले, तू जा, तुझं काही नाही. तो खाली बसला. माझ्याशेजारी, रस्त्यावर. उभा राहिला असता तर पळता तरी आलं असतं. मी म्हटलं, जा. तर म्हणाला, पाय दुखतात. पोलिसांची गाडी आली तोवर त्या काठीवाल्यांचं त्याच्याशी झालं होतं आणि माझ्याशी व्हायचं होतं."

गावात सगळे म्हणायचे, तिच्यापायी मेला. ते खरं होतं. फक्त ते असं असेल हे मेहलुलीला वाटलं नव्हतं. त्याला तिच्याशी बोलायचं होतं, आयुष्यात इतकं कधी कुणाशी बोलायचं नव्हतं. तो म्हणाला, "दादा, पाय दुखत असतील तर टेक जरा." तिनं चादर तोंडावर ओढली.

ग्वांडाच्या अलीकडे नाक्यावर पोलिसांनी बस अडवली. बावीस डिसेंबर, शोना-न्डेबेले समझोत्याचा एकता दिन होता, आणि नाक्यावरच्या पिंपांना देशाच्या झेंड्याच्या पताका लावल्या होत्या. एक तरुण पोलीस वर चढला आणि पहिल्या बाकापासून शोनात ओळखपत्रं मागत आला. मेहलुलीपाशी थांबला. न्याराद्झोनं मेहलुलीच्या खिशातून ओळखपत्र काढून दिलं.

"ह्याला हात नाहीत?"

"आहेत, साहेब. फांदी धरलीय."

"आणि जीभ?"

"ती पण आहे. तिनं मेलेला माणूस धरलाय."

पोलिसानं मेहलुलीला सरळ विचारलं, नाव काय, कुठून आलास. मेहलुली खिडकीकडे बघत राहिला.

तेवढ्यात मागून माचुमा मावशी न्डेबेलेत सुरू झाल्या. "त्याच्या भाषेत विचारा म्हणावं. आमच्या रस्त्यावर उभे राहतात आणि आम्हालाच परकं बोलायला लावतात."

"मावशी काय म्हणतायत?" पोलिसानं विचारलं.

"म्हणतायत, ऊन फार आहे," न्याराद्झो म्हणाली.

पण बस पेटली होती. "पोरा, शोनात एक शब्द बोलू नकोस," कुणीतरी ओरडलं. "इंग्रजीत दे उत्तर," दुसरा. "इंग्रजी काय तुझ्या बापाची आहे?" तिसरा. पुढच्या बाकावरचे दोन शोना व्यापारी म्हणाले, एका देशात राहायचं तर एक भाषा नको का? मागून उत्तर आलं, हवी ना, आमची घ्या. एकता दिनाची सुट्टी होती, कुणाला घाई नव्हती. लोक मेहलुलीची पाठ थोपटून जाऊ लागले. न्डेबेले भाषेसाठी आजवर कुणी एवढा खंबीर राहिला नव्हता, आणि त्याला तर भाषेचं काही पडलेलंच नव्हतं. त्याला फक्त एवढंच हवं होतं की ह्या गोंगाटात झेन्झोनं घाबरून काटा सोडू नये.

"दादा, काही नाही, लोक बोलतायत," तो म्हणाला. "धरून ठेव."

पोलीस टोपीखालचा घाम पुसून न्याराद्झोला म्हणाला, "मला काय हौस आहे का ताई? मुतारेच्या पलीकडे गाव माझं. इथं टाकलं, विचारून नाही टाकलं. ह्यांची भाषा शिकलो मी. 'उतरा' आणि 'पिशवी उघडा'. तेवढीच लागते." मग त्याची नजर रिकाम्या जागेवर गेली. "इथं कोण आहे?"

"माझा नवरा," ती म्हणाली, शोनात आणि मग न्डेबेलेतही.

हे ती मोठ्यानं, लोकांत, पहिल्यांदाच म्हणत होती, हे मेहलुलीला तिच्या मानेवरून कळलं.

पोलिसानं टोपी काढली, बाकांच्या मधल्या वाटेत उकिडवा बसला, ओंजळीचे तळवे एकमेकांवर हळूहळू वाजवले, जसं शोना माणसं थोरांपुढं वाजवतात, आणि खिडकीकडे बघून काहीतरी म्हणाला. न्याराद्झोनं ते सांगितलं. "म्हणाला, दादा, सुखानं जा. पुढं रस्ता खराब आहे, आतल्या बाजूनं चाला."

पोलीस उठला, टोपी घातली आणि न्डेबेलेत म्हणाला, "उतरा. पिशव्या उघडा."

सगळे निमूट उतरले. मेहलुली आणि झेन्झो तेवढे आत बसून राहिले. ह्या वाटेवर आता दोन माणसांनी झेन्झोला रस्ता सांगितला होता, दोघांनीही शोनात. मेहलुलीच्या मनात आलं, दादा येतोय तो नक्की कुणाबरोबर येतोय?

सिलोंगवेच्या फाट्यावर उतरले तेव्हा सूर्य कलला होता. तो पुढं, फांदी धरून, ओढा आला की सांगत, बांध आला की सांगत. ती मागं, मामाची पिशवी घेऊन, तेलाची बाटली उभी धरून. फाटकापाशी आई होती. तिनं मुलाकडे पाहिलं, फांदीकडे पाहिलं, मामाला शोधलं आणि तिची नजर निळ्या चादरीवर येऊन थांबली. न्याराद्झो फाटकाबाहेरच थांबली.

"लिम्पोपोवर सांगितलंस ना त्याला?" आईनं विचारलं.

त्याला अजून बोलता येत नव्हतं, आणि प्रवासात पहिल्यांदाच त्याला त्याचं बरं वाटलं. तो घरामागं गेला, थडग्यावर फांदी ठेवली, म्हणाला, "दादा, हे घर. आलास. बस आता." म्हणताना त्याचा आवाज फुटला, कारण तो हे रिकाम्या जागेला सांगतोय की काय हे त्याला ठाऊक नव्हतं.

मग तोंड मोकळं झालं. एवढ्या वेळात त्यानं आईला सांगायच्या किती गोष्टी जमवल्या होत्या, मामाची, कोंबडीची. तो फाटकाकडे आला आणि जिवंत माणसाशी पहिलं वाक्य बोलला.

"नाही सांगितलं. मी झोपलो होतो. तिनं सांगितलं. शोनात."

आई फाटकाच्या खांबाला धरून उभी राहिली. तिला जे उमगत होतं ते मेहलुलीला दिसत होतं, कारण दिवसभर तो तेच घेऊन आला होता. ही बाई घरची असेल, तर झेन्झोनं तिचं ऐकलं आणि तो आला. ती घरची नसेल, तर झेन्झो पुलावर उभा आहे. तिसरं काही नव्हतं.

"काय सांगितलंस?" आईनं बाईला विचारलं. "तसंच म्हण."

न्याराद्झोनं पिशवी खाली ठेवली आणि म्हटलं. लांबलचक नव्हतं. आई डोळे मिटून ऐकत होती, जसे औषध घेताना मिटतात. बोलणं संपलं. आणि मग आईनं ते सैनिकांचं गाणं म्हटलं.

मेहलुलीनं ते कधी ऐकलं नव्हतं. आईचा आवाज पातळ, सपाट, शाळेत पाठ म्हणतात तसा. दोन ओळी. एकही शब्द अडखळला नाही.

"अर्थ सांग," आई म्हणाली.

न्याराद्झो खाली बघत होती.

"सांग. तुला कळलं ते तोंडावर दिसतंय."

"म्हणजे..." ती न्डेबेलेत शब्द शोधत होती. "या. सगळे या. आपण एका आईची लेकरं."

"आणि दुसरी ओळ?"

"परत तेच आहे."

आई खाली बसली. फाटकातच, मातीत, पाय पसरून.

"मला वाटायचं शिव्या असतील," ती म्हणाली. "इतकी वर्षं. शिव्या असत्या तर बरं झालं असतं."

शेळ्या परत येत होत्या. त्यातली एक थडग्यापाशी गेली आणि फांदी खाऊ लागली. शेळीनं खाल्ली की समजायचं, माणूस घरी आला. तिनं अर्धी खाल्ली आणि निघून गेली. दोन दिवसांनी मामा आला, कोंबडीशिवाय, आणि त्यानं उरलेली अर्धी फांदी बराच वेळ न्याहाळली. पण अर्ध्या फांदीबद्दल त्यालाही काही माहीत नव्हतं.

न्याराद्झो त्या रात्री चुलीच्या झोपडीत झोपली. आईनं पाणी दिलं, लापशी दिली, घोंगडी दिली. राहा म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. सकाळी न्याराद्झो जोहान्सबर्गला परत गेली. तिथं तिचं काम होतं, आणि दुसरीकडे कुठं तिला कुणी बोलावलेलं नव्हतं.

जानेवारीत आईला पुन्हा स्वप्न पडू लागलं.

"पुलावर आहे," तिनं मेहलुलीला सांगितलं. "पायात दोन्ही बूट आहेत. थंडी वाजत नाही. पण माझ्याशी बोलतो ते तिच्या भाषेत."

"काय बोलतो?"

"मला काय कळणार?"

गावात फोनला रेंज फक्त शाळेमागच्या वारुळावर येते. मेहलुली आईला घेऊन वारुळावर चढला आणि न्याराद्झोला स्पीकरवर फोन लावून दिला. आईनं नमस्कार-चमत्कार काही केला नाही. स्वप्नात ऐकलेले शब्द तिनं एकामागून एक म्हणून दाखवले. ऐकलेलं जसंच्या तसं म्हणायची तिला सवय होती, ती सैनिकांनी लहानपणीच लावली होती.

"काय म्हणतोय तो?" आईनं विचारलं.

"म्हणतोय," न्याराद्झो म्हणाली आणि थांबली. "विचारतोय, आई जेवली का."

ती खरं सांगत होती की नाही, हे मेहलुलीला कळायला काही मार्ग नव्हता. शब्द तर बरेच होते. पण शोनात जेवणाबद्दल विचारायला किती शब्द लागतात, हे त्याला कुठं ठाऊक होतं?

"जेवले म्हणावं," आई फोनमध्ये म्हणाली. "आणि सांग त्याला, पुलाच्या मधे उभा राहू नकोस, ट्रक फार असतात. तुझ्याच भाषेत सांग, पोरी. त्याला ती कळते. आणि त्याला विचार..."

फोनमधले पैसे संपून बोलणं केव्हाच तुटलं होतं. मेहलुलीला पडद्यावर ते दिसत होतं. आई बोलत होती, रस्ता सांगत होती, ओढा कुठं आहे, फाटा कुठं आहे. तो तिच्याशेजारी वारुळावर गप्प बसून राहिला. न बोलण्याची त्याला आता सवय झाली होती.